तीनच्या आधी चार

रत्नागिरी,
२४ मे १९३४

प्रिय शकू,

तीन वर्षांनी माझे अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटसुलट करशील. कर. कोणी गेलेले नाही, मी ठणठणीत आहे, आणि हे पत्र बहुतांशी एका लॉरीबद्दल आहे.

आपल्या शाळेने गेल्या वर्षी जुनी अमेरिकन लॉरी घेतली. पूर्वी ती आंब्याच्या पेट्या वाही. आम्ही तिच्यात दोन बाके ठोकली, वर ताडपत्री घातली आणि हातखंब्याच्या बाजूच्या अकरा मुली तिच्यातून शाळेत येऊ लागल्या. चालवतो भागोजी. मुंबईत सहा वर्षे मोटारी हाकून तो परत आला आहे आणि त्या सहा वर्षांबद्दल बारा वर्षांइतके बोलतो. पण लॉरीची ठिणगी पाडण्याची व्यवस्था फार जुनी. एक लाकडी पेटी, तिच्यात चार थरथरणाऱ्या कॉइल, आणि इंजिनापुढे ठिणगीची पाळी ठरवणारी, तेलाने बरबटलेली एक पितळी डबी. आपल्या दमट हवेत पेटीचे लाकूड फुगे आणि वीज नको तिथे झिरपे. गेल्या श्रावणात मुली आठवड्यातून दोनदा तरी अर्ध्या वाटेतून चिखल तुडवत आल्या. तेव्हा त्यांतल्या तुळसाचा बाप महिपत सगळ्यांच्या वतीने मला येऊन म्हणाला, "बाय, अकरा जूनला लॉरी दारात आली तर पोरी येतील. नायतर लावणीला हात हवेच आहेत." त्याचे काही चुकत नव्हते. म्हणून या सुट्टीत मी लॉरी हाती घेतली.

हसू नकोस. तीस वर्षांपूर्वी कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकले आहे, आणि वर्गात एकटी मुलगी असल्यामुळे प्रोफेसर ठिणगीचे यंत्र हटकून माझ्यासमोर ठेवत, मी किंचाळते का पाहायला. मी किंचाळले नाही. ती पेटी आणि ती डबी काढून त्यांच्या जागी डिस्ट्रिब्युटर बसवायचा, असे मी ठरवले. एकच कॉइल, एक बॅटरी, आणि तिची ठिणगी चारही सिलिंडरांना पाळीपाळीने नेऊन देणारे हे यंत्र. भागोजीने त्याचे नाव 'वाढपी' ठेवले. मला नाव पसंत पडले, पण त्याला तसे सांगितले नाही.

त्याच्या भावाने मुंबईच्या मोडीच्या बाजारातून तीन वाढपी गोणपाटात बांधून धाडले. एकावरही नाव नाही, नंबर नाही. एकाच्या टोपीला मधले भोक सोडून सहा भोके होती, म्हणजे तो सहा सिलिंडरांचा. भागोजीला तोच हवा होता. "दोन जास्तीची असूं देत बाई, कधी लागलीच तर!" उरलेले दोघे जुळे भाऊ दिसत. पण कोणता उजवीकडे फिरणारा आणि कोणता डावीकडे, हे कसे कळावे? मी घासलेट, राख आणि काथ्या घेऊन पडवीत बसले आणि दोघांना पितळेच्या भांड्यांसारखे घासले. दुसऱ्या दिवशी एकाच्या अंगावर ओतीव बाण निघाला. भागोजीला हँडल हळूहळू फिरवायला लावून इंजिनाचा दांडा कुठल्या बाजूने फिरतो ते मी पाहिले. बाण जुळला. तू असतीस तर माझ्या आधी पाहिले असतेस, हेही मनात आले.

वाढपी बसला. तारा जोडायच्या राहिल्या होत्या. मी जेवायला आत गेले तेवढ्यात भागोजीने त्या आपल्या हिशेबाने जोडल्या आणि हँडल मारले. असा बार उडाला की शाळेची काशी गाय दावे तोडून थेट किल्ल्याच्या वाटेला लागली, आणि आमच्या समितीचे अध्यक्ष, जे कुंपणाशी उभे राहून बायकांनी यंत्रांना हात लावू नये असे सांगत होते, ते जांभ्याच्या गडग्यावर बसले. बसायचा त्यांचा विचार नव्हता. मी लॉरीसोबत आलेली माहितीची चोपडी उघडली. तीत ठिणगीचा क्रम स्पष्ट लिहिला होता: एक, दोन, चार, तीन. भागोजीने जोडले होते एक, दोन, तीन, चार. त्याला विचारले तर म्हणाला, "पंगतीत असंच वाढतात बाई. तिसऱ्याला सोडून चवथ्याला वाढलं तर तिसरा पानावरून उठून जाईल!" मी म्हटले, "या इंजिनाला पंक्तिप्रपंच लागतो, भागोजी." तारा बदलता बदलता तो उत्तरला, "मग शाळेत शिकलेलं दिसतंय."

त्याच्या मनात काही नव्हते. तो तुझ्यानंतर इथे आला, त्याला काय ठाऊक! पण माझ्या हातातली चोपडी मी उगाच तीनदा मिटली आणि उघडली.

तू आमच्या शाळेची शिक्षिका होतीस. शारदोत्सवाच्या जेवणात सगळ्या शिक्षिका ओटीवर बसल्या आणि तुझे पान कोणीतरी बाहेर पडवीत मांडले, भाट्ये गावातल्या कोळ्याची मुलगी म्हणून. कोणीतरी कसले, मुख्याध्यापिका म्हणून मला विचारून मांडले. मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. हातात श्रीखंडाचे पातेले होते, ते घेऊन मी पुढे वाढत गेले. तू पान दुमडलेस आणि उठलीस. दुसऱ्या दिवशी तुझा राजीनामा आला. मी त्यात शुद्धलेखनाची चूक शोधत बसले. एकही नव्हती.

लॉरी आता एका हँडलात सुरू होते. पण परवा तिला घेऊन आम्ही हातखंब्याला गेलो तर महिपत म्हणाला, "गाडी झाली, बरी झाली. पण पोरींसोबत पुढं बाई मानूस हवं. आनि वाटेत बंद पडली तर रडत बसणारं नको." मी तुझे नाव सांगितले. आता हर्ण्याच्या बंदरावर मासळीच्या लिलावात उभी राहून म्हावऱ्याची बोली पुकारते, हेही सांगितले. तो म्हणाला, "मग भागोजीपेक्षा तीच बरी!" परतताना भागोजीने एकही खड्डा चुकवला नाही.

तर शकू, हे पत्र त्यासाठी आहे. त्या दिवशी मी चुकले, आणि चूक कळायला मला एक क्षणही लागला नव्हता. बोलायला तीन वर्षे लागली. तू रागावून नाही म्हणालीस तर तो तुझा हक्क आहे. पण येणार असलीस तर पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत नीघ. जागा शिक्षिकेची, कायमची. येता-जाता लॉरीत पुढे बसायचे आणि मधल्या वेळात पाचवीला गणित शिकवायचे. समितीच्या ठरावाची प्रत सोबत जोडलेली नाही, कारण ठराव अजून झालेला नाही. तो सोमवारी यायचा आहे. मसुदा मीच केला आहे. पहिल्या ओळीत तुझी नेमणूक आहे, आणि ती नामंजूर झाल्यास दुसऱ्या ओळीत माझा राजीनामा आहे. अध्यक्षांनी तो वाचला आहे. ते पुन्हा बसले.

तुझीच,
मथुरा लिमये