छावणीतला शिंपला आणि आप्पाची शपथ

छावणी, औरंगाबाद
भाद्रपद वद्य नवमी, सन १९८८

तीर्थस्वरूप आप्पांच्या पायाशी धाकटी बहीण चतुरा हिचा वाकून नमस्कार (सध्या वाकता येत नाय, का ते पुढं येईल, पण वाकले असं धरून चालावं). तुमचा खोकला, वहिनीचे गुडघे आणि तांबड्या गायीची कास, तिघांची तब्येत कळवावी. इकडं सर्व ठीक. ‘तुम्ही’ इथवर लिहायचं असतं असं शाळेत शिकवलेलं, ते लिहून झालं. आता नीट लिहिते.

आप्पा, हे पत्र त्या बद्रीनाथच्या आधी तुझ्या हातात पडलं तर बरं. देवगावच्या गाडीवर तिकिटं फाडायचं सोडून बातम्या वाटत फिरणारा हा कंडक्टर परवा माझ्याकडं येऊन चहा पिऊन गेला. आता तो तुला सांगणार, तुमच्या बहिणीचा पाय शिंपल्यानं मोडला. तर पाय मोडला हे खरं. शिंपल्यानं मोडला हेबी खरं. पण म्हणून तू जे म्हणत होतास ते खरं, असं समजून ओट्यावर मिशीला पीळ देत बसू नको. पत्र पुरतं वाच, मग काय तो पीळ दे.

गणपतीत तुमच्या मंडळानं व्हिडिओ आणला, त्यात तू तो समुद्राचा सिनेमा पाहिलास. बैलगाडीच्या चाकाएवढा शिंपला, पाणबुड्याचा पाय त्यात पडतो, शिंपला खटकन मिटतो आणि माणूस तिथंच बुडून मरतो. एवढं पाहून तू सकाळची पहिली गाडी पकडलीस, तोंड न धुता माझ्या दारात आलास आणि चूळ भरायच्या आधी माझ्या बन्सीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, “माझ्या गळ्याची आण हाय, पाण्यात पाय घालशील तर.” आणि चहा न घेता गेलास. सिनेमातला शिंपला तरी एका पायावर थांबला, तू अख्खा पोरगा धरलास.

आता त्याचं काय झालंय ते ऐक. शपथ घालताना माणसानं नीट घालावी. समुद्राच्या पाण्यात म्हणायचं होतंस. तू नुसतं पाण्यात म्हणालास आणि बन्सी (तुझाच भाचा, तुझ्यासारखाच हेकट) शब्दाला शब्द पाळतो. मोरीत पाट टाकून त्यावर उभा राहून अंघोळ करतो आणि पाणी साचायच्या आत उडी मारून बाहेर येतो. पाऊस पडला की डबकी टाळत गल्लीतनं असा चालतो की गल्लीतली माणसं विचारतात, पोराच्या पायाला काय झालं. त्याच्या कॉलेजातल्या सरांनी त्याला अंदमानला न्यायचं ठरवलंय, समुद्राच्या तळाशी हे मोठे शिंपले किती राहिलेत ते मोजायचं काम. दोन वर्षांचं. त्याआधी तलावात सराव करायचा असतो, हवेची नळकांडी पाठीला बांधून. बाकीची पोरं पाण्यात, आमचा बन्सी काठावर त्यांच्या चपला राखत बसतो. दसऱ्याला सरांना होय-नाय सांगायचंय. तो मला म्हणतो, आई, मामानं सुटली म्हटल्याशिवाय मी जाणार नाय. मी म्हटलं, मी म्हणते सुटली. तर म्हणतो, ज्यानं घातली त्याच्याच तोंडनं सुटावी लागते. हे खरंच हाय, त्याला मीच शिकवलेलं.

मग मी म्हटलं, आधी हा शिंपला काय चीज आहे ते तरी पाहू. शेजारच्या वहिदाच्या अंगणात एक पडलेला आहे. तिचा सासरा मुंबईच्या बोटीवर होता, त्यानं तरुणपणी कुठल्या बेटावरून आणलेला. एकच फाळकं आहे, जोडीदार नाय, पण दगडासारखं जड, आणि परातीपेक्षा मोठं. त्यात तिच्या बकऱ्या पाणी पितात. इतकी वर्षं मी त्याला पांढरा दगड समजत होते. तर मी गेले, पाणी ओतून दिलं, आणि माणसाचा पाय यात मावतो का हे पाहावं म्हणून उजवा पाय आत ठेवला. मावला. वहिदा ओरडली, “अगे चतुरा, पाँव कायकू डाली उसमें?” मी म्हटलं, तुझ्या बकऱ्या तोंड घालतात ते चालतं का. आणि हे म्हणताना मागं वळून तिच्याकडं पाहिलं, तेवढ्यात आतल्या शेवाळावरनं टाच घसरली. मी आडवी झाले आणि ते फाळकं कलंडून माझ्या घोट्यावर बसलं. वहिदा, तिची सून, दोन बकऱ्या आणि अर्धी गल्ली एवढ्यांनी मिळून ते उचललं. (बकऱ्यांनी उचललं नाय, पण मधे होत्या.) वहिदाच्या पोरानं, फारूखनं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, कशानं लागलं? मी म्हटलं, शिंपल्यानं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, फारूखकडं पाहिलं, मग माझ्या डोक्याला कुठं मार लागलाय का ते चाचपून पाहिलं. आता घोट्याला प्लास्टर आहे आणि मी खाटेवरून सगळ्या घराला ओरडते. म्हणजे आवाज शाबूत आहे.

प्लास्टर पाहायला बन्सीचे सर आले. भला माणूस आहे, पण बोलताना चष्मा पुसतो, म्हणून वेळ लागतो. मी सरळ विचारलं, तुमचे शिंपले माणूस मारतात की नाय, एक काय ते सांगा. ते म्हणाले, बाई, शिंपल्यानं धरून माणूस मेल्याची एकही पक्की नोंद आजवर सापडलेली नाही. सगळ्या ऐकीव गोष्टी. मोठा शिंपला खटकन मिटतच नाय, हळूहळू मिटतो, बघणाऱ्याला पाय काढून वर चहा पिऊन यावं एवढा वेळ (चहाचं मी घातलं). आणि अगदी मोठा झालेला तर पुरता मिटूच शकत नाय, त्याचंच मांस आड येतं, आपल्या नानासाहेब काकाला शेरवानीची बटणं लागत नसत तसं. खातो काय म्हणशील, तर त्याच्या अंगात शेवाळासारखं काहीतरी राहतं, ते उन्हावर रांधतं आणि हा बसून खातो. जन्मभर एका जागी. घरात बसून ऊन खाणाऱ्याला माणूस खायची काय गरज?

मी एवढ्यावर सोडलं नाय. बन्सीकडं एक जुनं पुस्तक आहे, त्यात शिंपल्यानं पाय धरला तर सुरी आत घालून त्याचा मधला स्नायू कसा कापायचा ते लिहिलंय, बन्सीनंच मला वाचून दाखवलेलं. मी सरांना म्हटलं, धरतच नाय तर सोडवायचं कशाला लिहिलं? त्यांनी दोनदा चष्मा पुसला. म्हणाले, भीती आधी छापली गेली, माहिती मागनं आली. मला पटलं. पोलीस ॲक्शननंतर गावात मराठी शाळा झाली तेव्हा मास्तर पोरींना कोंडून मारतो असं तू कुणाकडनं तरी ऐकलंस आणि मला चौथीतनं उठवलंस. मास्तरनं कधी कुणाला बोट लावलं नव्हतं. (ते जाऊ दे. अक्षर वाईट आहे ते त्यामुळं, एवढं ध्यानात ठेव.)

पण सर जाताना एक बोलले ते माझ्या डोक्यातनं जात नाय. म्हणाले, तो शिंपला मिटतो ना, तो धरायला मिटत नाही. वरून सावली पडली की तो भितो, म्हणून मिटतो. मला एकदम तू आठवलास, आप्पा. तोंड न धुता दारात उभा. बन्सीचे वडील गेले त्या उन्हाळ्यात तू पाठीला सुका भोपळा बांधून त्याला विहिरीत सोडलंस, मी काठावर रडत होते, तर मलाच रागावलास, “गप बस, पोरगं पाण्याला भ्यालं तर जन्माचं भ्यालं.” त्यालाच पाण्याची गोडी लावलीस आणि आता त्यालाच पाटावर उभं करतोस?

तर पाहावं, विचार करावा, आणि वहिनीला नमस्कार सांगावा. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना दंडवत, बद्रीनाथला काही नाय.

तुझी,
चतुरा

ता. क. दसऱ्याच्या आधी ये. पत्रातनं सुटली लिहून पाठवू नको, बन्सी मानणार नाय, तोंडानंच म्हणावं लागेल. या खेपेला चूळ भरून, चहा घेऊन मग म्हण.

आणखी एक. गोठ्यात आढ्याला तो भोपळा टांगलेला असेल, दोरीसकट घेऊन ये. बन्सीनं मागितलाय. अंदमानला न्यायचाय म्हणे.

शेवटचं, हे वहिनीला वाचून दाखवू नको. सर इतरही धोके सांगत होते, ते वर लिहिले नायत. शिंपला नाय करत काही, पण खोलवरनं घाईनं वर आलं की माणसाला बाधतं, सावकाश थांबत थांबत यावं लागतं. माझ्या डोळ्याला तेव्हापासनं डोळा नाय. म्हणून शपथ सोडलीस की तिथल्या तिथं दुसरी घाल. म्हण, माझ्या गळ्याची आण हाय, पाण्यातनं वर यायची घाई करशील तर, आणि घरी यायला उशीर लावशील तर. मी माझी घालून पाहिली, तो हसला. माझ्या शपथा त्यानं पाळण्यापासनं मोडल्यात. तुझी अजून एकही नाय.