मोख्तारच्या टाचा

प्रिय नज्वा,

आपली मेंदी फुलली आहे. ट्यूनिसपर्यंत वास पोचायचा नाही, म्हणून पाकिटात एक तुरा घातला आहे. तो लोकरीच्या कपड्यांत ठेव, कसर लागणार नाही. जावईबापूंच्या तळपायांची आग होते म्हणालीस ना? पाला वाटून लेप लाव. केशरी पाय ऑफिसात मोज्यांत लपतील, त्यांना म्हणावं लाजू नका!

गाबेसमधली प्रत्येक नवरी अजून माझ्याच वाफ्यातली मेंदी लावून सासरी जाते. माझे हात मात्र कोरे. तुझे बाबा गेले तेव्हा सोडली ती सोडलीच. शोकाचे दिवस सरल्यावर कुणी अडवलं नव्हतं, मनच होईना.

आपला मोख्तार आठवतो ना, खजुरावर चढून नीरा काढणारा? बायको गेल्यापासून एकटाच असतो. हिवाळ्यात त्याच्या टाचा इतक्या फुटल्या की झाडावर चढणं बंद झालं. मी लेप कालवून दिला. महिन्याभरात टाचा भरून आल्या, पण गडी यायचा थांबेना. रोज सकाळी नीरेची किटली घेऊन हजर, आणि "जरा अजून दुखतंय" हे पालुपद. शेवटी शेजारच्या मबरूकाखालाने त्याचा पाय धरून पाहिला आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "अगं सालिहा, याच्या टाचा तुझ्या गालांपेक्षा मऊ झाल्यात! औषध नक्की कशावर चाललंय?" मी हसून हसून बेजार झाले. किती दिवसांनी हसले, नज्वा! तो बिचारा लाल झाला, पण पळाला नाही. मला म्हणाला, "पुढच्या खेपेला मेंदी दोघांपुरती कालव."

मी म्हटलं, आधी लेकीला विचारते. खाला म्हणते, "लेकी आईला विचारतात, तुझी उलटीच तऱ्हा!" म्हणू दे. मला तो आवडतो, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तुझ्या मनात बाबांची जागा आहे, ती माझ्याही मनात आहे. तुला खुपणार असेल तर मी मोख्तारला नाही म्हणेन. बाबांनी भिंतीकडेला लावलेल्या झुडपाचा पाला दळून ठेवला आहे, तो तुझ्या केसांसाठी पाठवून देईन. पण तुझं मन हो म्हणालं, तर तूच ये. ती मेंदी माझ्या हातांवर दुसऱ्या कुणालाही लावू देणार नाही.

तुझीच,
कोऱ्या हातांची आई