पडद्यावर तोंड दिसलं

खर्डा, रविवार, मे १९७१

आज जत्रेतल्या तंबूत आईला माझा सिनेमा दाखवला. तंबूवाल्यानं आम्हाला शेजारी-शेजारी खुर्च्या दिल्या. इतकी वर्षं हिरोच्या बदली घोड्यावरून पडत आलो, तोंड कॅमेऱ्याला न दाखवता. आता बोलायचं काम मिळालं, तरी कॅमेरा सुरू झाला की मान आपोआप फिरते. सिनेमात एका ठिकाणी मी तसा पाठमोरा राहूनच गेलो. ते दिसताच आईनं माझं मनगट आवळलं. मी शेजारीच बसलोय, तरी! मग पडदाभर माझा चेहरा आला, शिट्ट्या वाजल्या. आईनं नुसतं मनगट सोडलं. आवडलं नाही की काय?

घरी येताना म्हणाली, "पाठ दिसली की तू पडतूस. तोंड दिसलं तवा जीव भांड्यात पडला."

मनगट अजून ठणकतंय. ठणकू दे.