रंग कुठे जातो

२ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस, आणि काम अगदी मनासारखं. हवाबंद काचेच्या पेटीत डुकराचं एक फुप्फुस टांगलेलं आहे. पंप त्यात हवा भरतो, काढतो. बारीक नळ्यांतून रक्तासारखं द्रावण खेळतं. मी फवारा सोडायचा आणि फुप्फुसाच्या अस्तरातून तो किती वेगाने द्रावणात उतरतो ते मोजायचं. सध्या नुसता पिवळा रंग, पुढे औषधं. खोली स्वच्छ, उपकरणं नवी. माझी भाड्याची खोली रस्त्यापलीकडे, अगदी समोर. आईला फोन करून सांगितलं, जागा चांगली आहे.

साहेबांखेरीज इथे एकच बाई, वयाने मोठ्या. सगळे त्यांना काकू म्हणतात. मी नमस्कार केला, तर त्यांनी साहेबांकडे वळून विचारलं, ही पाहुणी किती दिवस टिकणार.

५ फेब्रुवारी
काकू पेटीच्या खोलीत पाऊल ठेवत नाहीत. दारातूनच हुकूम सोडतात. डबा माझ्याकडे पाठ करून खातात. असेना. मी इथे मैत्रिणी जोडायला आलेली नाही.

कामात मात्र काहीतरी चुकतंय. फुप्फुसातला रंग झपाट्याने कमी होतो, पण द्रावणात त्याच्या निम्माही सापडत नाही. नळ्या तपासल्या, गळती नाही. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, रंगाला काय पाय फुटले, आधी स्वतःचे हात धड चालव. साहेब हसले.

९ फेब्रुवारी
असं फुप्फुस फार तर दिवसभर तग धरतं. मी आल्यापासून हे बदललेलं नाही. साहेबांना विचारलं. चालतंय ना, मग तुला काय करायचंय, म्हणाले.

घरी खोकला आला. रुमालावर पिवळा डाग.

११ फेब्रुवारी
बरं नाही म्हणून घरीच थांबले. फवारा साहेबांनी सोडला. संध्याकाळी जाऊन स्वतःचं रक्त काढलं, यंत्रात लावलं. द्रावणात कमी पडलेला रंग त्यात होता. सगळाच्या सगळा.

पुन्हा मोजलं. तेच.

१२ फेब्रुवारी
साहेबांना सांगितलं. दचकले नाहीत. किती वेळात उतरला, एवढंच विचारलं आणि आकडा टिपून घेतला. काकू दारातून म्हणाल्या, मागचीपेक्षा ही लवकर शोषते.

मागची कुठे गेली, विचारलं. साहेब पुढचा फवारा भरायला लागले.

१३ फेब्रुवारी
दुपारी घरी जिना चढताना एकदम धाप लागली. थांबले तरी श्वास थांबेना. खिडकीतून पाहिलं — समोर साहेब पंपाची गती वाढवत होते. त्यांनी कमी केली. माझी धाप बसली.

श्वास रोखून बघितला. रोखता येत नाही.

१६ फेब्रुवारी
राजीनामा दिला. साहेबांनी सही केली. काकू पहिल्यांदाच गोड बोलल्या. जा हो बाई, सांभाळून जा, मागचं सगळं मी आवरते.

बॅग भरून झाली. समोर पेटीच्या खोलीत दिवा लागलाय. काकू आत आहेत — कधी नव्हे त्या आत —

आवरते म्हणाल्या. काय आवरणार —

पंप. फोन लावला. उचलत नाहीत. खिडकीतून दोन्ही हात हलवले. त्यांनी पाहिलं. हसून हात हलवला, निरोपाचा. दुसरा हात बटणावर —

श्वास बाहेर गेला. आत ये