बायडाबाईच्या शेळीसाठी

बिबवेवाडी, पुणे
रविवार, दुपार

प्रिय हेमा,

प्रभूच्या नावात सलाम. ‘बाबा, सगळं ओके ना?’ असा तुझा निरोप मोबाइलवर येतो आणि मी त्यावर ‘ठीक’ असे लिहून पाठवतो. हा व्यवहार सोयीचा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु आज जे लिहायचे आहे ते अंगठ्याने लिहिण्यासारखे नाही, म्हणून टेबलापाशी बसून, चष्मा पुसून, शाईच्या पेनाने लिहीत आहे. खराडीला तुझ्या हाती हे पाकीट पडेल तेव्हा घाबरून जाऊ नकोस. माझी प्रकृती उत्तम आहे. गुडघा दुखतो; परंतु तो तुझ्या लग्नाच्या आधीपासून दुखतो आणि तेव्हाही त्याने कोणाचे काही अडवले नव्हते.

प्रथम इकडची खबर. तुम्ही ज्याला चर्च म्हणता त्या आपल्या देवळाचा वर्धापनदिन पुढील महिन्यात आहे. त्यासाठी रंगकाम चालू आहे. कमिटीने जो पिवळा रंग पसंत केला आहे तो पाहून तुझ्या आईने ‘भिंतींना कावीळ झाली का?’ असे नक्की विचारले असते. नव्या पाळकबाई तरुण आहेत. त्या उपदेश करताना व्यासपीठावरून खाली उतरतात आणि बाकांच्या मधून चालतात, हे मला प्रथम अजिबात रुचले नाही. पाळकाने आपली जागा सोडू नये, असे माझे मत मी त्यांना उपासनेनंतर दारातच सांगितले. त्या म्हणाल्या, “काका, वरून मला तुमचे चेहरे दिसत नाहीत हो.” मी छत्री उचलली व घरी आलो. मागच्या रविवारी त्यांनी त्या दोन माणसांचा शास्त्रपाठ घेतला होता. दोघे देवळात प्रार्थनेला जातात. एक जण ताठ उभा राहून स्वतःचेच गुण देवाला ऐकवतो आणि दुसऱ्याला मान वर करण्याचे धैर्य होत नाही. हा पाठ मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि ऐकताना दर वेळी तात्यारावांकडे पाहत आलो आहे. या वेळीही मी सवयीने मान वळवली, तर तात्याराव माझ्याकडे पाहत होते.

त्याच तात्यारावांचा मंगळवारी फोन आला. ते अजूनही देवळाच्या पंच कमिटीत आहेत. वर्धापनदिनाच्या उपासनेत मंडळीसाठी, आजाऱ्यांसाठी, देशासाठी सर्वांच्या वतीने करावयाची मोठी प्रार्थना मीच करावी, असे कमिटीने एकमताने ठरवले आहे. तात्यारावांची भाषा तुला ठाऊकच आहे. ते म्हणाले, “रणपिसे, प्रार्थना तुम्हीच करायची. फक्त नंतर लोकांना जेवायचंय, एवढं लक्षात असू द्या.” मी होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही. “लेकीला विचारून सांगतो,” असे म्हणालो. ते बुचकळ्यात पडले. “हेमाला? अहो, ती तर देवळात फिरकतसुद्धा नाही.” मी म्हणालो, “म्हणूनच तिला विचारायचे आहे,” आणि फोन ठेवला. त्यांना रविवारी उत्तर देतो असे सांगितले होते. आज रविवार. उपासनेनंतर ते फाटकापाशी थांबले होते. मी मागच्या दाराने बाहेर पडलो. माझ्या वयाला व स्वभावाला हे शोभण्यासारखे नाही, हे मी जाणतो.

माझ्या प्रार्थनेचा मला अभिमान होता, हे तुझ्यापासून लपलेले नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. पुढे मिशनच्या शाळेत शिपाई म्हणून लागलो, घंटा वाजवली, मुख्याध्यापकांच्या टेबलावर लोकांचे अर्ज नेऊन ठेवले. ज्या मंडळीत प्राध्यापक, डॉक्टर, वकील पुढच्या बाकांवर बसत, तिथे माझ्यासारख्याला तोंड उघडण्याचे एकच स्थान होते आणि ते मी कष्टाने मिळवले. जुन्या पाळकसाहेबांच्या प्रार्थनेतील एकेक शब्द ऐकून मी तो घरी घोकत असे. तुझी आई भाकऱ्या थापत असे आणि मी चुलीपाशी उभा राहून ‘करुणासागरा, तुझ्या अगाध कृपेने’ असे म्हणून पाहत असे. जेव्हा मी पहिल्यांदा मंडळीपुढे उभा राहिलो आणि पुढच्या बाकांवरील सगळ्या विद्वानांनी माझ्या शब्दांवर डोळे मिटले, तेव्हा मला जे वाटले ते मी देवालाही कधी सांगितले नाही. तात्याराव तेव्हा म्हणाले होते, “तुमची प्रार्थना चालू झाली की देवसुद्धा सावरून बसत असेल.” मी ती प्रशंसा समजून घरी येऊन तुझ्या आईला, आनंदीला सांगितली. ती हसली. ती का हसली हे विचारण्याची मला तेव्हा गरज वाटली नाही.

मिशनच्या चाळीतील आपली ती खोली तुला आठवत असेल. संध्याकाळी सातला कुटुंबप्रार्थना होत असे: एक गीत, एक पाठ, मग तुझ्या आईची प्रार्थना, तुझी आणि शेवटी माझी. तुझ्या आईची प्रार्थना ऐकू येत नसे. नुसते ओठ हलत. ती दिवसभर तशीच ओठ हलवीत असे, तांदूळ निवडताना, नळावर रांगेत उभी असताना. मी तिला म्हणत असे, की नीट उभे राहून, नीट शब्दांत प्रार्थना करावी. ती म्हणे, “त्याला कळतं हो.” मी ते अडाणीपणाचे लक्षण समजत असे. मी चौथी शिकलेला आणि ती दुसरी. आमच्यातले ते अंतर मी फार सांभाळले.

त्या वर्षी नाताळात पताका लावण्याचे काम माझ्याकडे होते. रंगीत कागद कापून, खळीने दोऱ्यावर चिकटवून मी त्या देवळाच्या ओसरीत वाळत ठेवल्या होत्या. आवार झाडणाऱ्या बायडाबाईची शेळी तिथे शिरली आणि खळीच्या वासाने म्हणा, भुकेने म्हणा, सगळ्या पताका खाऊन गेली. मला कमिटीपुढे उत्तर द्यावे लागले. त्या संध्याकाळी तुझी पाळी आली. तू दुसरीत होतीस. तू डोळे घट्ट मिटलेस आणि म्हणालीस, “देवा, बायडाबाईच्या शेळीने पताका खाल्ल्या. तिने मुद्दाम नाही खाल्ल्या. तिचं पोट फुगलंय आणि बायडाबाई रडतेय. तिला बरं कर. आणि बाबांना…” इथे मी तुला थांबवले. देवापुढे असल्या गोष्टी मांडत नाहीत, असे मी म्हणालो. देव काही गुरांचा दवाखाना नव्हे, असेही म्हणालो असेन. मग मी तुला सुरुवात कशी करावी ते शिकवले: ‘हे सर्वसमर्थ, कृपावंत पित्या.’ तू हुशार होतीस. आठवड्याभरात संपूर्ण प्रार्थना बिनचूक म्हणू लागलीस. नातेवाइकांपुढे मी तुला म्हणायला लावत असे आणि लोक कौतुक करीत. पुढे नववी-दहावीत तू अभ्यासाचे निमित्त सांगू लागलीस, मग फक्त ‘आमेन’ला येऊ लागलीस, मग तेही नाही. नोकरी लागल्यावर तू देवळात येणे सोडलेस, तेव्हा मी सर्वांना सांगितले की मुलगी शिकली आणि विश्वास गमावून बसली. हे मी मनापासून मानत होतो.

आता तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसांविषयी लिहितो. त्याविषयी आपण दोघे एकमेकांशी कधीच बोललो नाही. पक्षाघाताने तिची वाचा गेली होती. मी रोज तिच्या उशाशी उभा राहून प्रार्थना करीत असे आणि ती डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत असे. मला वाटले, आजारामुळे तिला शब्द कळेनासे झाले. तू शनिवारी आली होतीस. मी स्वयंपाकघरातून पेजेची वाटी घेऊन येत होतो आणि दारातच थांबलो. तू तिचा हात धरून खाली वाकली होतीस. तू म्हणत होतीस, “देवा, आईला आज पेज गिळता येऊ दे. फक्त पेज. उद्याचं उद्या बघू.” आनंदीने डोळे मिटले होते. तिच्या घशातून एक आवाज आला. तो आमेन होता. दुसरा कोणताही शब्द असता तर मला तो ओळखता आला नसता.

मग तू वर पाहिलेस आणि तुला मी दिसलो. हेमा, तू दचकून तिचा हात सोडलास आणि म्हणालीस, “काही नाही बाबा, उशी नीट करत होते.” लोकांची मुले बापापासून सिगारेट लपवतात. माझ्या मुलीने माझ्यापासून प्रार्थना लपवली. त्या दिवशी तिने अर्धी वाटी पेज घेतली, हे तुला आठवत असेल. मी वाटी विसळून ठेवली आणि काहीच बोललो नाही. बोललो असतो तर कदाचित तू पुढच्या शनिवारी पुन्हा, माझ्या देखत, तिचा हात धरला असतास. पुढचा शनिवार तिला मिळाला नाही.

ती गेल्यापासून मी सातला खुर्चीत बसतो. गीत म्हणत नाही. एकट्याचा आवाज फ्लॅटमध्ये चमत्कारिक वाटतो. पाठ वाचतो आणि उभा राहतो. शब्द येतात, अजून एकही विसरलेलो नाही. परंतु ते ऐकताना मला शाळेतले अर्ज आठवतात: महोदय, विषय, विनंती, आपला विश्वासू. ते अर्ज मी इतकी वर्षे नेऊन ठेवले. त्यांतला एकही माझा नव्हता. परवा दूध उतू जाऊन पातेले करपले. घासता घासता खांदा भरून आला आणि मला एकदम देवाला सांगावेसे वाटले, की मला हे एकट्याने जमत नाही. एवढेच सांगायचे होते. घासणी बाजूला ठेवून, हात धुऊन, उभा राहून मी ‘हे सर्वसमर्थ’ म्हणालो आणि तिथून त्या पातेल्यापर्यंत मला येताच येईना. वाट फार लांबची होती. मी पुन्हा पातेले घासायला घेतले. तेव्हा मला ती शेळी आठवली आणि तू आठवलीस, डोळे घट्ट मिटलेली.

म्हणून हे पत्र. तात्यारावांना काय उत्तर द्यायचे ते तुझ्या येण्यावर आहे. देवळात ये, असे मी म्हणत नाही. वर्धापनदिनालाही ये, असे म्हणत नाही. येत्या शनिवारी सातला इथे ये आणि माझ्याजवळ बस. शेळी जगली की गेली, हे मी कधी विचारले नाही. ते मला सांग. आणि तुझी ती प्रार्थना मी ‘आणि बाबांना’ इथे तोडली होती. त्यापुढे काय होते, हे मला जाणून घ्यायचे आहे. बाबांना राग येऊ देऊ नकोस, असे होते, की बाबांना नव्या पताका दे, असे होते, की याहून वेगळे काही, याचा विचार मी गेले कित्येक दिवस करीत आहे. तुला आठवत नसेल, तर आज माझ्यासाठी जे मागावेसे वाटेल ते तिथून पुढे माग, तुला येतील त्या शब्दांत. मी मध्ये बोलणार नाही. तुझे झाले की आमेन म्हणेन, आणि मग जमले तर पातेल्याविषयी बोलेन.

तुझाच,
बाबा