दार कुणी वाजवलं?

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (तूर्त अर्धाच घातला आहे. रागावलेल्या माणसाला पूर्ण वाकता येत नाही. उरलेला राखून ठेवतो.) तुमचा खोकला कसा आहे? मामीचे गुडघे काय म्हणतात? परदेशातून दादाचा तुम्हा आईबापांना फोन, निदान एखादा निरोप? आणि मामीचा माझ्यावरचा राग गेला का, तेही कळवा. मागच्या खेपेला मी जेवणाच्या टेबलाजवळच्या रिकाम्या खुर्चीवर बॅग टाकली, तर तिने ती तडक उचलून बाहेर नेऊन ठेवली आणि जेवण संपेपर्यंत माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. खुर्ची रिकामी होती, बॅग जड होती. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. असो. तुम्ही माझी खुशाली विचाराल, म्हणून आधीच सांगतो, मी मजेत नाही.

"इंग्रजीचा शिक्षक हो, जन्माचं कल्याण होईल," हे वाक्य तुमचं. तुम्ही त्याच नोकरीतून सुखरूप निवृत्त झालात म्हणून मी विश्वास ठेवला. मला वाटलं, या प्रशिक्षण महाविद्यालयात उच्चार शिकवतील, व्याकरण घोटून घेतील, फळ्यावर ओळ सरळ कशी लिहायची ते दाखवतील (माझी ओळ उजवीकडे जाताना डोंगर चढते) आणि गोंगाट करणारा वर्ग न ओरडता गप्प कसा करायचा याची युक्ती सांगतील. प्रत्यक्षात काय, तर रोज सकाळी पहिला तास साहित्याचा! उद्या मला पाचवीतल्या मुलांना 'माझ्या पेनातली शाई संपली आहे' एवढं इंग्रजीत बोलायला शिकवायचंय, आणि आज मी कुणा परक्या कवीला जुनी छत्री बघून का रडू आलं यावर पानं भरतो आहे. अहो, त्याला कुणीतरी रुमाल द्या आणि मला सोडा!

हा तास घेणाऱ्या बाईंना आम्ही पण-का बाई म्हणतो. तुम्ही काहीही उत्तर द्या, त्या चष्मा पुसत शांतपणे विचारतात, "पण का?" नायिका रडते म्हटलं, की पण का? तिला वाईट वाटलं म्हणून, तर पण का? एकदा मी काकुळतीला येऊन "बाई, तास संपला" म्हणालो, तर त्यावरही त्यांनी सवयीने चष्मा काढला. या बाईंनी आम्हाला एका कादंबरीतला उतारा लावला आहे. एका विधवेचा मुलगा दूर देशी निघून गेलेला. ती रोज रात्री जेवायला बसताना त्याची खुर्ची पुसून ठेवते. एके रात्री ती पहिला घास उचलते आणि दार वाजतं. झालं, उतारा इथे खलास. आमच्या आधीच्या कैक तुकड्यांनी याच्या झेरॉक्सवर रेघा मारून ठेवल्या आहेत, पण पुढे काय होतं ते आजवर एकाही विद्यार्थ्याने वाचलेलं नाही. (का वाचावं? परीक्षेत येत नाही.)

शेवटी माझं डोकं फिरलं. वर्गातल्या सगळ्यांना गोळा करून मी प्राचार्यांकडे मोर्चा नेला. म्हटलं, भाषा शिकवणाऱ्याला साहित्य कशाला? सुताराला कुणी झाडाचं चरित्र वाचायला लावतं का? प्राचार्य थंड डोक्याचे. म्हणाले, तुमच्या सराव पाठात हाच उतारा शिकवा. मुलांना त्याचा काही उपयोग नाही असं दिसलं, तर तो काढून टाका म्हणून मी स्वतः वर लिहितो. बाहेर येताच मित्रांनी माझी पाठ थोपटली. फक्त वाईट शिकवायचं होतं, आणि त्या बाबतीत माझ्यावर सगळ्यांचा पूर्ण भरवसा होता.

मामा, मी प्रामाणिकपणे वाईट शिकवलं हो! पाठाच्या टाचणात लिहिलं होतं: वाचन, मग क्रियापदं अधोरेखित करणे, मग गृहपाठ. बसस्थानकावर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतात, त्या आवाजात मी उतारा वाचला. सुरुवातीला मुलं छान पेंगत होती. खुर्चीशी आलो आणि बाकांखालचे पाय हलायचे थांबले. दार वाजलं. मी म्हटलं, आता क्रियापदं शोधा. कुणी पेन्सिलच उचलेना. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. ही इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही, असं मला वर्गशिक्षिकेने आधीच बजावलं होतं. ती म्हणाली, "सर, हू?"

मी म्हटलं, दूधवाला असेल. चूक झाली. दूधवाला रात्री येत नाही, असं तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला सुनावलं. मग सगळा वर्ग पेटला. कुणी म्हणे मुलगा, कुणी म्हणे पोलीस, आणि सगळं इंग्रजीत, हातपाय मोडलेल्या पण इंग्रजीतच! मागे पाठाचं निरीक्षण करायला बसलेले सर शेरा लिहायचा सोडून "मुलगाच आहे तो!" असं ओरडले. त्यावर त्या मुलीने विचारलं, मुलाकडे घराची किल्ली नसेल का? सर लालबुंद झाले. घंटा झाली, तरी कुणी उठेना.

आता परिस्थिती ऐका. मोर्चातले मित्र मला फितूर म्हणतात. पोरं मला फाटकाशी गाठून "हू?" विचारतात. परवा माझा परीक्षेचा पाठ, नेमका त्याच वर्गावर, विषय कर्मणी प्रयोग. त्या मुलीने वर्गाच्या वतीने कळवलं आहे, की दार उघडल्याशिवाय कुणीही वही उघडणार नाही. पाठ फसला तर माझं वर्ष गेलं! पण-का बाईंना विचारलं, तर त्यांनी चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "वाचा." ग्रंथालयात एकच प्रत, ती निरीक्षक सर घरी घेऊन गेले आणि परत करायचं नाव काढत नाहीत. हा निव्वळ छळ आहे. माझं मत तसूभरही बदललेलं नाही: शिक्षक-प्रशिक्षणातून साहित्य हद्दपार झालंच पाहिजे!

तुमचा, निषेध नोंदवणारा भाचा

ता. क. तुमच्या काचेच्या कपाटात ती कादंबरी आहे, निळ्या कापडी बांधणीची. मिळेल त्या माणसाबरोबर आजच्या आज पाठवा. दारात कोण आहे ते फोनवर सांगू नका, मी स्वतः वाचणार आहे. बाबांना यातलं काही कळवू नका.

आणखी एक ता. क. पाठवण्याआधी तुम्ही शेवट वाचून बघा. दारात तिचा मुलगा असेल, तर पुस्तक राहू द्या आणि आधी मामीला वाचून दाखवा. वर्गाचं मी काहीतरी बघेन. दूधवाला असेल, तर तिच्या नजरेस पडू न देता मला पाठवा. यापुढे बॅग जमिनीवर ठेवीन. राखून ठेवलेला नमस्कार मामीला सांगा.