मिटवायचा शनिवार

घोरपडी, पुणे

प्रिय संजय,

सप्रेम सलाम. आईचं पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू नुसतं हं, हं करतोस आणि मागे कुणीतरी कुणाला तरी इंग्रजीत काहीतरी समजावत असतं, त्यात माझं म्हणणं राहून जातं. जन्मभर नर्सची नोकरी केल्यामुळे मला थोडक्यात बोलायची सवय आहे, पण हे थोडक्यात आटपणारं नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी तुझ्या फुलांबद्दल. पप्पांच्या मातीला तू पाठवलेलं पुष्पचक्र वेळेवर पोचलं. केवढं मोठं, दोघांना धरावं लागलं. रिबिनीवर कंपनीचं नाव छापलं नव्हतंस, हे बरं केलंस. कबरस्तानात जो तो विचारत होता, मुलगा कुठाय, आणि मी सांगत होते, हिंजवडीला. अमेरिकेला म्हटलं असतं तर लोकांना पटलं तरी असतं. हिंजवडीहून घोरपडीला ट्रॅफिक धरून माणूस दोन तासांत येतो. मला तुझा राग आला, संजय. अजून आहे. तो झाकून ठेवत नाही, कारण या रागाचं काय करायचं ते मला शनिवारच्या आत ठरवायचं आहे. का, ते पुढे येईलच.

पप्पांच्या पलटणीतले म्हातारे आले होते. एवढ्या उन्हात कोट घालून, त्यावर पदकं लावून. ते त्यांना सुभेदारसाहेब म्हणत होते आणि आपली चर्चची मंडळी डीकन म्हणत होती. बाहेरच्या कुणाला वाटावं, दोन वेगळ्या माणसांना एकाच पेटीत निरोप चाललाय. पण तुझ्या पप्पांच्या लेखी ती दोन कामं नव्हतीच. मंडळीने त्यांना पहिल्यांदा डीकन, म्हणजे देवळाचा सेवक, निवडलं तेव्हा तू शाळेत होतास. पाळकसाहेब घरी सांगायला आले, तर यांचा पहिला प्रश्न, यात काम काय असतं? पाळकसाहेब म्हणाले, वाढायचं, उचलायचं, पुसायचं आणि आजाऱ्याच्या घरी जायचं. हे म्हणाले, मग मी पलटणीत तेवीस वर्षं दुसरं काय केलं? आणि खरंच, देवळाची बाकं ते सुतळी धरून रांगेत लावायचे. उपदेश लांबला की मागे उभे राहून घड्याळाकडे बघायचे, आणि पाळकसाहेब बिचारे प्रार्थनेवर यायचे. बर्फात दोन बोटं गेलेल्या पायाने ते धायरीच्या गोदाबाईंकडे दर महिन्याला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस डब्यात घेऊन जात. बसमध्ये तो डबा दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बसत, द्राक्षरस सांडू नये म्हणून. गोदाबाईंना ऐकू येत नसे. मग हे त्यांच्या कानाशी पूर्ण प्रार्थना परेडच्या आवाजात म्हणत आणि खालच्या मजल्यावरचे लोक आमेन म्हणत. मी एकदा बरोबर गेले होते, हसू आवरेना.

बर्फातलं ते कधी बोलत नसत. मला एकच ठाऊक आहे, सोबतच्या आजारी जवानाला पाठीवर घेऊन ते खाली चौकीपर्यंत आले होते आणि पोचल्यावर कळलं की तो वाटेतच गेला होता. मंडळीत कुणी गेलं की अंघोळ घालायला आणि खांदा द्यायला हे पहिले. मला वाटायचं, सवय असेल. सवय नव्हती. घरी आल्यावर बराच वेळ मोरीत हात धूत उभे राहायचे.

आता तुझ्याकडे येते. तू अफसरीचं ट्रेनिंग अर्धवट सोडून ट्रंक घेऊन दारात उभा राहिलास तेव्हा व्हरांड्यात पप्पांचे दोन मित्र बसले होते. जवानाचा पोरगा अफसर होणार आणि मी त्याला सॅल्यूट ठोकणार, असं हे पेठेतल्या दुकानदारांपर्यंत सगळ्यांना सांगून बसलेले. तुला बघून पप्पांच्या तोंडून तो शब्द गेला. पळपुटा. शिपायाच्या तोंडात याहून घाण शिवी नाही रे. तू विसाव्या वर्षी ऐकलास तो, चारचौघांत. तुला लागला यात नवल काय? मलाच असा लागला की त्या दिवशी मी त्यांना वाढलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं. रविवारी प्रभुभोजन होतं. तू आलास, कडेच्या बाकावर बसलास. पप्पा प्याल्यांचा ट्रे घेऊन एकेक बाक करत तुझ्यापर्यंत आले, थबकले, ट्रे दुसरे डीकन माधवभाऊ यांच्या हातात दिला आणि भिंतीला लागून उभे राहिले. सगळ्या मंडळीने बघितलं. तू प्याला न घेता उठून गेलास. बापाने मला देवाच्या घरातही वाळीत टाकलं, असं तू मंडळीतल्या स्वरालीताईला बोललास, ते माझ्या कानावर आलं. तेव्हापासून नऊ वर्षं तू या घरात जेवला नाहीस.

अरे, तुला रीत अर्धीच ठाऊक आहे. प्रभुभोजनाच्या आदला शनिवार आपल्याकडे मिटवायचा, एवढं तू लहानपणापासून बघितलंस. ज्याच्याशी वाजलं असेल त्याच्या दारात जायचं, मिटलं म्हणायचं, मगच दुसऱ्या दिवशी भाकर आणि प्याला घ्यायचा. पण डीकनांना आणखी एक नियम आहे आणि तो मंडळीत बोलून दाखवत नाहीत. ज्याच्याशी आपलं मिटलं नाही त्याला आपल्या हाताने द्यायचं नाही, दुसऱ्याने द्यायचं. घेणाऱ्यात खोट म्हणून नव्हे, देणाऱ्याच्या हातात खोट म्हणून. त्या शनिवारी पप्पा तुझ्या खोलीच्या दाराबाहेर उभे होते. मी स्वयंपाकघरातून बघत होते. हात कडीपर्यंत जायचा आणि परत यायचा. त्यांना हुकूम द्यायला आणि घ्यायला येत होतं, माफी मागायला कुणी शिकवलं नव्हतं. रविवारी त्यांनी तुला नाकारलं नाही रे, स्वतःला बाजूला केलं.

आणि ते तिथेच थांबलं नाही. सगळ्यांचं झाल्यावर पाळकसाहेब शेवटी डीकनांना देतात. पप्पा प्याल्यावर तळहात ठेवायचे. दर महिन्याला. मंडळीभर वाटायचं आणि आपण कोरडं परत यायचं. मी एकदा चिडून विचारलं, हे किती दिवस चालायचं? तर म्हणाले, माझं एक मिटायचं आहे. मी म्हटलं, मग मी संजयला सांगते. त्यावर सरळ हुकूमच: मध्ये पडायचं नाही, तू सांगितलंस तर तो तुझ्यासाठी येईल. मीही मूर्खासारखी गप्प बसले. आता हुकूम देणारा राहिला नाही, म्हणून सांगतेय.

एकदा ते हिंजवडीला आले होते, तुला न सांगता. तुमच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला माजी सैनिक निघाला, त्याने खुर्ची दिली. तू मित्रांबरोबर हसत बाहेर आलास, टपरीवर चहा घेतलास आणि परत आत गेलास. हे बसले तसेच उठून बसस्टॉपवर. घरी येऊन मला म्हणाले, बरा दिसला, वजन वाढलंय. एवढंच. रात्री भात मागून घेतला त्यांनी, ते मला आठवतं.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी पाळकसाहेब डबा घेऊन आले. म्हणाले, नागोराव, आता देवाने मिटवलं, घ्या. यांनी नाही म्हणून मान हलवली आणि हात प्याल्यावर ठेवला. त्याच दुपारी मी तुला फोन केला होता आणि तुझा मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी ते गेले. मला तुम्हा दोघांचाही इतका संताप आला की मी रडलेसुद्धा नाही. एकाला कडी वाजवता आली नाही, दुसऱ्याला फोन उचलता आला नाही.

आता हे सगळं आज का लिहिलं ते सांगते. मंडळीने त्यांच्या जागी मला डीकन निवडलंय. बाई पहिल्यांदाच, त्यामुळे कुरबुर झाली, पण पाळकसाहेबांनी ऐकलं नाही. येत्या रविवारी ट्रे माझ्या हातात असेल आणि माझ्या मनात तुझ्याबद्दल राग आहे. पप्पांसारखा तळहात ठेवून वर्षानुवर्षं बसायचा धीर माझ्यात नाही, आणि तशी मरायची तर माझी मुळीच तयारी नाही. शनिवारी तुझ्या दारात यायचं तर तुझ्या सोसायटीचा वॉचमन मला नाव विचारणार, कुणाकडे, कशाला, आणि मला तिथे रडू येईल. म्हणून हे पत्रच तुझं दार समज. संजय, माझ्याकडून मिटलं. मीटिंगचं मिटलं, फुलांचं मिटलं, नऊ वर्षांचं मिटलं. पप्पांना जे म्हणता आलं नाही तेही मीच म्हणते, कारण ते त्यांच्या ओठांवर होतं हे मी बघितलंय: तू पळपुटा नव्हतास. तुझ्याकडून मिटलं का, हे मी विचारत नाही, ते तू तुझं बघ. फक्त रविवारी आलास तर कुठल्याही बाकावर बस. तुझ्यासमोर मी थबकणार नाही, माझ्या हातानेच देईन.

तुझीच,
आई